साठीनंतरच्या मनाचे मोजमाप

१९७३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्री’ या नियतकालिकात एक छोटा निबंध छापून आला. पतंजलीच्या विचारांवर बेतलेली उपचारपद्धती मनोविकारांच्या रुग्णांना कितपत उपयोगी पडते, हा त्याचा विषय. लेखकांत पहिले नाव परळच्या केईएम रुग्णालयातील मनोविकार विभागाच्या डॉ. एन. एस. वाहियांचे, दुसरे डॉ. डी. आर. डूंगाजींचे आणि तिसरे एका तरुण डॉक्टरचे, दिलीप जेस्ते. त्याच वर्षी या कामावरचा आणखी एक निबंध अमेरिकेतल्या मानसोपचारांच्या नियतकालिकातही आला. रुग्णांच्या एका गटाला आसन-प्राणायामापासून ध्यानापर्यंतची पूर्ण पद्धत द्यायची, दुसऱ्या गटाला वरून तशाच दिसणाऱ्या पण मन एकाग्र न करता करायच्या हालचाली द्यायच्या आणि फरक मोजायचा, अशी त्या कामाची रीत होती. योगावर श्रद्धा ठेवणारे तेव्हाही पुष्कळ होते. तो मोजून पाहणारे फार थोडे.

ज्या परळमध्ये हे मोजमाप चालले होते, ते परळ सावंतवाडीच्या माणसाला परके नाही. लालबाग, परळ, शिवडी या पट्ट्यातल्या चाळींत तेव्हा अर्धे कोकण राहत होते. गिरणीतला भोंगा, गावकऱ्यांच्या खोल्या, गणपतीला गावी जाण्यासाठी रजेची खटपट, आणि कोणी आजारी पडले की केईएम. चाकरमानी माणसाचे आणि या रुग्णालयाचे नाते असे घट्ट होते. पुढे १९८२च्या संपाने गिरणगाव मोडले, बरेच जण गावी परतले, मुले मात्र मुंबईतच राहिली. त्या पिढीतले जे हयात आहेत ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या वयाच्या माणसांच्या मनाचे काय होते, हा प्रश्न धरून परळचा तो तिसऱ्या नावाचा डॉक्टर पुढे अर्धशतक काम करत राहिला.

डॉ. दिलीप जेस्ते यांनी वैद्यकीय पदवी पुण्यात घेतली, मनोविकारशास्त्राचे शिक्षण मुंबईत. अमेरिकेत गेल्यावर त्यांनी पुन्हा प्रशिक्षण घेतले, कॉर्नेलमध्ये मनोविकारशास्त्राचे आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात मज्जासंस्थेच्या विकारांचे. तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काही वर्षे संशोधन करून १९८६मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत गेले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. साडेसातशेहून अधिक लेख आणि चौदा पुस्तके एवढा त्यांचा लेखनसंभार. २०१२-१३मध्ये ते अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष होते. त्या पदावर आलेले ते आशियाई वंशाचे पहिले अमेरिकन. मनोविकारांच्या निदानाचा जगभर वापरला जाणारा ग्रंथ, डीएसएमची पाचवी आवृत्ती, त्यांच्याच कारकिर्दीत मे २०१३मध्ये निघाली.

मानसन्मानांची यादी एवढ्यावर थांबवलेली बरी, कारण खरे वाचनीय आहे ते त्यांच्या निबंधांचे कालक्रमाने लावलेले बाड. ते पहिल्यापासून वाचत गेले की एक वळण दिसते. पहिली दोन-अडीच दशके हा माणूस औषधांनी म्हाताऱ्या माणसांचे काय नुकसान होते ते मोजत होता. नंतरची दोन दशके म्हातारपणी मनात काय सुधारते ते मोजत राहिला. आज त्यांचे नाव घेतले जाते ते या दुसऱ्या भागासाठी. शहाणपणावरचे त्यांचे २०२०चे पुस्तक, मुलाखती, व्याख्याने, सगळे त्यातलेच. सावंतवाडीसारख्या तालुक्याच्या गावाला मात्र पहिला भाग तितकाच, किंबहुना जास्त कामाचा आहे.

भ्रम, भास, संशय अशा तीव्र मनोविकारांवर जी जुनी औषधे दिली जातात, ती दीर्घकाळ घेतल्यावर काही रुग्णांच्या जिभेला, ओठांना, जबड्याला आपोआप हालचाली सुरू होतात. जीभ तोंडात वळवळत राहते, माणूस काहीतरी चघळतो आहे असे वाटते, कधी बोटेही चाळवतात. औषध थांबवले तरी हे नेहमी जातेच असे नाही. टार्डिव्ह डिस्कायनेशिया हे त्याचे नाव. जेस्ते यांनी रिचर्ड वायट यांच्याबरोबर १९८२मध्ये या विकारावर संपूर्ण पुस्तक लिहिले. १९९५मध्ये त्यांच्या गटाचा जो निबंध आला तो डोळे उघडणारा होता. ज्येष्ठ वयाच्या २६६ बाह्यरुग्णांवर त्यांनी सातत्याने लक्ष ठेवले. पहिल्या वर्षाअखेर २६ टक्के, दुसऱ्या वर्षाअखेर ५२ टक्के आणि तिसऱ्या वर्षाअखेर ६० टक्के रुग्णांत हा विकार दिसला. तरुणांमध्ये दर वर्षी चार-पाच टक्के हे तोवर धरून चाललेले प्रमाण. म्हणजे म्हाताऱ्या शरीरात हा धोका काही पटींनी जास्त, आणि तोही कमी मात्रेत औषध देऊनसुद्धा.

या आकड्यांचा अर्थ गावात वेगळा होतो. रुग्णाला महिन्या-दोन महिन्यांनी तज्ज्ञाकडे न्यायचे म्हणजे कोणीतरी एक दिवसाची मजुरी सोडायची, गाडी बघायची. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या भागातली माणसे मोठ्या आजारासाठी गोव्यात बांबोळीला जातात. तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मनोविकारांची संस्थाही आहे. महाराष्ट्र शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. दोन्हीकडचा प्रवास ऐंशीच्या माणसाला झेपणारा नसतो, म्हणून मग औषधाची जुनी चिठ्ठीच पुढे चालत राहते. घरातले माणूस दुकानातून त्याच गोळ्या आणते, म्हातारी शांत झोपते, आणि तिची जीभ हलायला लागली तर ती वयाची खूण म्हणून सोडून दिली जाते. जेस्तेंच्या निबंधांतून घरच्या माणसाने घ्यायची गोष्ट साधी आहे. अशी औषधे चालू असलेल्या वृद्धाच्या तोंडाकडे, बोटांकडे नियमित बघायचे आणि काही दिसले तर ते डॉक्टरांना सांगायचे. औषध मात्र आपल्या मनाने तोडायचे नाही.

नवी औषधे आल्यावर हा प्रश्न सुटेल अशी आशा होती. हालचालींचा त्रास खरोखरच कमी झाला, आणि तसे दाखवणाऱ्या अभ्यासांत जेस्ते यांचेही अभ्यास होते. पण २०१३मध्ये त्यांच्याच गटाने चाळिशीपुढच्या ३३२ रुग्णांवर चार नव्या औषधांची जी चाचणी प्रसिद्ध केली, तिचा निष्कर्ष निराश करणारा होता. निम्म्या रुग्णांनी सहा महिन्यांच्या आतच नेमून दिलेले औषध सोडले होते, आणि वर्षभरात ३६.५ टक्क्यांना मधुमेह-हृदयविकाराकडे नेणारी चयापचयाची गडबड नव्याने सुरू झाली होती. ज्या औषधांकडून स्वतःलाच आशा होती, त्यांच्याविषयी असे लिहून ठेवणे सोपे नसते. संशोधकाची पारख अशा निबंधांवरून करावी.

दुसऱ्या भागाकडे ते वळले तेही रुग्णांमुळेच. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण म्हातारे होतील तसे खालावतच जाणार, अशी वैद्यकाची जुनी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांतले कित्येक जण वयाबरोबर सावरताना दिसत होते. औषधे वेळेवर घेत होते, इस्पितळाच्या फेऱ्या कमी होत होत्या. आजारी मनाचे असे होत असेल तर निरोगी मनाचे काय होते, हा प्रश्न पुढे आपसूकच आला. सॅन डिएगोत वार्धक्य संशोधनाच्या स्टाइन संस्थेचे प्रमुख म्हणून त्यांनी मोठी पाहणी हाती घेतली.

२०१३चा एक निबंध ५० ते ९९ वयाच्या १,००६ माणसांचा. दूरध्वनीवर मुलाखत, मग टपालाने प्रश्नावली. आपले म्हातारपण किती चांगले चालले आहे याला दहापैकी गुण द्या, असे त्यांना विचारले. सरासरी ८.२ निघाली. विशेष म्हणजे वय जितके जास्त, तितके गुण जास्त. शरीर आणि स्मरण दोन्ही उताराला लागलेले असताना! खचून न जाण्याची ताकद आणि नैराश्याचा अभाव, या दोहोंचे वजन शारीरिक आरोग्याच्या तोडीचे भरले. तीन वर्षांनी २१ ते १०० वयाच्या १,५४६ जणांवरचा निबंध आला आणि चित्र आणखी स्पष्ट झाले. मनाचे स्वास्थ्य वयाबरोबर सरळ चढत जात होते. सर्वांत जास्त ताण, चिंता आणि उदासी होती ती विशी-तिशीतल्या माणसांत.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्या समाजाला हे पचायला जड जाईल. ती म्हण निखालस खोटी आहे असेही नाही. नावे आठवायला वेळ लागतो, नवे शिकणे मंदावते, आणि हे सगळे जेस्तेंच्याही मोजमापात उतरले आहे. चूक एवढीच होते की आठवण, समज, भावना, निर्णय हे सगळे आपण एकाच गाठोड्यात बांधतो. त्यांतले एक घसरले की सगळेच गेले असे धरतो. मग म्हाताऱ्या माणसाने नीट विचार करून सांगितलेले मतही म्हातारचळ ठरते.

संमतीचा प्रश्न इथेच येतो. एखाद्या वृद्ध रुग्णाला संशोधनात भाग घ्यायचा तर त्याला ते नीट समजले आहे का, हे कसे ठरवायचे? जेस्ते आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये त्यासाठी दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली. अभ्यास कशासाठी आहे, धोका काय, मध्येच सोडता येईल का, हे समजावून सांगायचे, विचारायचे, चुकले तर पुन्हा सांगायचे, आणि मग ठरवायचे. निदानाचा शिक्का पाहून कोणालाही आधीच नालायक ठरवायचे नाही. ही चाचणी संशोधनापुरती आहे, जमिनीच्या कागदांवर तिचा वापर करता येणार नाही. पण सातबाऱ्यावर पाच भावंडांची आणि तीन चुलत्यांची नावे असलेल्या मुलखात, थरथरत्या हाताचा अंगठा घेण्यापूर्वी त्या माणसाला शांतपणे समजावून सांगून पुन्हा विचारण्याची ही रीत ओळखीची व्हायला हवी.

आता शंका. सॅन डिएगो हे श्रीमंत शहर. दूरध्वनी उचलून अर्धा तास बोलणारा, प्रश्नावली भरून परत पाठवणारा माणूस मुळात बऱ्या अवस्थेतला असतो. जे खचले ते नव्वदीपर्यंत पोचलेच नसतील. शिवाय या अभ्यासात वेगवेगळ्या वयाची माणसे एकाच वेळी मोजली आहेत, एकच माणूस सत्तर वर्षे मोजलेला नाही. आजची नव्वदीतली पिढी तरुणपणीही आजच्या तरुणांपेक्षा कणखर असू शकेल. या मर्यादा त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहेत. म्हणून पेन्शन, विमा, गाडी आणि औषध असलेल्या माणसाचे दहापैकी आठ गुण घेऊन कोकणातल्या एकट्या म्हातारीला लावणे अन्यायाचे होईल.

कोकणाला जवळचा असा त्यांचा एक निबंध वेगळाच आहे. दक्षिण इटलीत चिलेंतो नावाचा डोंगर आणि समुद्र यांच्यामधला ग्रामीण मुलूख आहे. तिथल्या ९० ते १०१ वयाच्या २९ माणसांचा आणि त्यांच्या घरातल्या ५१ ते ७५ वयाच्या नातलगांचा अभ्यास आन्ना शेल्झो, जेस्ते आणि इतरांनी प्रसिद्ध केला. म्हाताऱ्यांची शरीरे नातलगांपेक्षा खालावलेली, मने मात्र त्यांच्यापेक्षा बरी. मुलाखतींतून त्यांचे जे स्वभाव पुढे आले ते वाचताना वेंगुर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटाखालच्या एखाद्या खळ्यात बसल्यासारखे वाटते: कामाची सवय, हट्टीपणा, घरावर हुकमत गाजवण्याची हौस, देवावर श्रद्धा आणि आपल्या जमिनीवर जीव. काम करायला जमीन आहे तोवर जगण्याला कारण आहे, असा त्यांच्या सांगण्याचा रोख.

सिंधुदुर्गात जमीन आहे. माणसे कमी होत चालली आहेत. २००१च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११मध्ये ती ८,४९,६५१ झाली. महाराष्ट्र वाढत असताना घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांत शेजारच्या रत्नागिरीबरोबर आपला नंबर लागला. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हाही त्याच कहाणीचा आकडा: कर्ते पुरुष बाहेर, बायका आणि म्हातारी मागे. चिलेंतोतल्या नव्वदीच्या माणसांशी तुलना करायला त्यांचे नातलग घरातच सापडले. मळगावच्या स्थानकावर चतुर्थीच्या आदल्या दिवशी उतरणारी गर्दी पाहिली की आपले नातलग कुठे असतात ते कळते.

तरीही सगळे पुरावे परदेशातून आणावे लागतात असे नाही. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, आणि वार्धक्यातल्या मनावरचे भारतातले फार महत्त्वाचे काम तिथे झाले आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१मध्ये गोव्यातल्या लोकांशी बोलून लिहिलेल्या निबंधात दाखवले की स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोक ओळखतात, पण ती म्हातारपणाचाच भाग मानतात, आजार नव्हे. मुलांच्या आधाराची खात्री वाटते तितकी राहिलेली नाही, हेही त्यात होते. २००८मध्ये डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची ८१ कुटुंबे घेऊन एक चाचणी केली. मोठी यंत्रणा उभारली नाही. स्थानिक, डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी घरी जायचे, आजार काय आहे ते समजावायचे, आंघोळ, जेवण, रात्रीची भटकंती कशी सांभाळायची ते सांगायचे, आणि सांभाळणाऱ्या माणसाचे ऐकून घ्यायचे. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजण्याइतका कमी झाला. सांभाळणारी बहुतेक घरांत सून किंवा बायको असते, आणि तिच्या मनाची चौकशी एरवी कोणी करत नाही.

त्याहून पुढची पायरी २०१९ची. डायस आणि पिट्सबर्गचे चार्ल्स रेनॉल्ड्स यांच्या गटाने गोव्यातल्या दवाखान्यांत येणारी साठीपुढची १८१ माणसे निवडली. त्यांना नैराश्याचा आजार जडलेला नव्हता, पण उदासीची सौम्य लक्षणे होती. निम्म्यांना साध्या समुपदेशकांनी भेटून अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या ते शिकवले, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेहासारख्या आजाराची काळजी समजावली, सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत केली. वर्षभरात नेहमीच्या उपचारांवर असलेल्या ९० जणांपैकी १३ जणांना नैराश्य आले. भेटी मिळालेल्या ९१ जणांपैकी फक्त चौघांना. १४.४ टक्के विरुद्ध ४.४ टक्के. पेन्शनचा अर्ज भरून देणे हा मनाच्या उपचाराचा भाग मानणारी ही चाचणी आहे, आणि सावंतवाडीच्या आशाताईला, ग्रामपंचायतीच्या शिपायालासुद्धा तिच्यातले काम परके वाटणार नाही. भाषा मालवणीच्या जवळची, घरे तीच, भात-मासा तोच. या निष्कर्षांना सीमेवर अडवण्याचे काही कारण दिसत नाही.

आठवणीच्या मोजमापाचेही असेच. मुंबईच्या देवनारमधील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या साथीने ‘लासी’ ही पाहणी केली, ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांवर भारतीयांची. तिच्यातल्याच साठीपुढच्या चार हजारांहून अधिक जणांची सखोल तपासणी करून २०२३मध्ये अंदाज प्रसिद्ध झाला: भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण स्त्रियांत जास्त, खेड्यांत जास्त, न शिकलेल्यांत जास्त. शाळेत न गेलेल्या बाईची आठवण तपासायची कशी, हा या कामातला खरा कस. परदेशी चाचणीत वाक्य वाचून दाखवा, वाक्य लिहा, असे प्रश्न असतात. ते विचारले की निरक्षर माणूस नापास होणारच. हरयाणातल्या बल्लभगडमध्ये मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात म्हणूनच हिंदीत वेगळी चाचणी बेतली. मालवणी आजीला तारीख विचारण्याऐवजी एकादशी झाली का, कोणत्या वारी बाजार भरतो, हे विचारणारी चाचणी हवी.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मरू घातलेली कला सत्तरच्या दशकात पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. निम्म्या रंगांत आकड्यांचा चढता क्रम उलटा, दिवसा रामाचे पान पुढे तर रात्री कृष्णाचे, आणि कोणते पान पडून गेले ते लक्षात ठेवल्याशिवाय जिंकणे नाही. जो व्हर्गीस यांनी २००३मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वाचन, पट किंवा पत्त्यांचे खेळ, वाद्यवादन आणि नाच करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. खेळाने आजार टळतो, की आजार आतून सुरू झालेला माणूस खेळायचे सोडतो, हे अशा अभ्यासातून पक्के ठरत नाही. तरी काचेआड सजवण्यापेक्षा गंजिफा खेळल्या जाव्यात, असे वाटायला हे पुरेसे आहे.

शहाणपणावरच्या कामाविषयी थोडे सावध राहावेसे वाटते. जेस्ते आणि इप्सित वाहिया यांनी २००८मध्ये भगवद्गीतेतल्या शहाणपणाची आधुनिक व्याख्यांशी तुलना केली. करुणा, भावनांवर ताबा, निर्णयक्षमता हे दोहोंत सापडले, वासनांवरचा संयम आणि भोगांचा त्याग हे गीतेत अधिक. २०१७मध्ये त्यांच्या गटाने शहाणपण मोजणारी २४ विधानांची प्रश्नावलीही केली. माणूस स्वतःविषयी जे सांगतो त्यावरून त्याचे शहाणपण किती कळते, हा प्रश्न उरतोच. पण तिचाच वापर करून २०१८मध्ये झालेला एकटेपणाचा अभ्यास मोलाचा आहे. सॅन डिएगोतल्या २७ ते १०१ वयाच्या ३४० माणसांत तीन चतुर्थांशांना मध्यम किंवा त्याहून जास्त एकटेपणा होता, आणि शहाणपणाचे गुण जास्त तिथे एकटेपणा कमी.

त्या अभ्यासात एकटेपणा तीन वयांत जास्त दिसला: विशीच्या अखेरीस, पंचावन्नच्या आसपास आणि ऐंशीच्या उत्तरार्धात. कोकणातल्या कुटुंबात ही तीन वये तीन ठिकाणी राहतात. पुण्यात नोकरी शोधणारा नातू, डोंबिवलीत पंचावन्नचा मुलगा, आणि गावच्या घरात सत्त्याऐंशीची आई. मोठ्या पाहण्या घरे निवडून केल्या जातात, एका चुलीभोवतीच्या माणसांना मोजतात. त्यामुळे आई एका यादीत येते, मुलगा आलाच तर दुसऱ्या, आणि त्या दोघांच्या मनांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते कुठल्याच तक्त्यात उमटत नाही. असा अभ्यास करायचा तर एकाच घरातल्या माणसाला सावंतवाडीत आणि मुंबईत, दोन्हीकडे भेटावे लागेल. चतुर्थीचे दहा दिवस मात्र ती सगळी एकाच माजघरात असतात.